जुनी गाडी दुरुस्त करायला शिकायचीय? पैसे कुणाला द्यायचे आणि कुणाला नाही

नमस्कार मंडळी. मागे उभी आहे ती माझी प्रीमियर पद्मिनी. १९७५ सालची, जीडीने सुरू होणाऱ्या जुन्या नंबरपाटीची, म्हणजे गोवा, दमण आणि दीव एकत्र होते त्या काळातली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टीअरिंगच्या दांड्यालाच गिअर. आम्ही फोंड्याचे, आणि अंगणातल्या या शेडमध्ये ती सहा वर्षं आहे.

गेल्या महिन्यात पेडण्याहून एका मुलाचा फोन आला. आजोबांची फियाट, म्हणजे याच घराण्यातली गाडी, चालू करायचीय त्याला. म्हणाला, "ताई, एक जण महिन्याला ठरावीक रक्कम घेऊन शिकवतो म्हणतो. देऊ का? की तुमच्यासारख्यांना विचारत विचारत भागेल?"

फोनवर मी त्याला नीट उत्तर दिलं नाही. ते आज देते, कारण या दोन्ही वाटांनी मी गेलेय आणि दोन्हीकडे ठेच खाल्लीय.

(बोनेट उघडून)

गाडी घेतली त्या पहिल्याच मे महिन्यातली गोष्ट. म्हार्दोळहून फर्मागुडीचा चढ चढताना गाडी बंद पडली. भर दुपार, मागे बसगाड्यांची रांग. बाजूला घेतली, वीस मिनिटं थांबले, चावी फिरवली तर एका दमात चालू. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. थंड असताना गाडी छान चालायची, तापली की मरायची.

मी ओळखीच्या सगळ्यांना विचारलं, आणि सगळ्यांनी मनापासून उत्तरं दिली. एक म्हणाला, पेट्रोल पाइपमध्येच उकळतंय, पंपावर ओलं फडकं बांध. दुसऱ्याने पाइपला कपड्यांचे लाकडी चिमटे लावायला सांगितले, हा उपाय जुने लोक अजून करतात. तिसऱ्याला पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरचा संशय, चौथ्याला पंपाच्या आतल्या पडद्याचा, डायफ्रामचा. यातलं एकही उत्तर चुकीचं नव्हतं. तापलेली जुनी गाडी यातल्या कुठल्याही कारणाने बंद पडू शकते. पण कुठलं कारण आधी तपासायचं हे कुणी सांगितलं नाही. मी एकेक करून सगळं बदलत गेले. महिना गेला, पैसे गेले, गाडी मात्र त्याच वळणावर बंद.

मग पैसे भरून मार्गदर्शन घेतलं. व्हिडिओ कॉलवर. त्या माणसाचं नाव घेणार नाही. त्याने दोन कॉलमध्ये सांगून टाकलं की इंजिन उघडावं लागेल, रिंग-पिस्टन बदला, सुटे भाग मी पाठवतो. त्याने गाडीला हात लावला नव्हता, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजायलाही सांगितलं नव्हतं. मी जवळजवळ हो म्हणणार होते. नवशिक्याला वाटतं की पैसे दिलेत म्हणजे सल्ला वजनदार असणार. मला तसंच वाटलं होतं.

शेवटी शेजारच्या काकांनी मला एका मेस्तकडे नेलं. इथे थोडं थांबते, कारण हा शब्द मला फार आवडतो. आपण मेस्त म्हणतो, मेस्त्री म्हणतो, वर महाराष्ट्रात मिस्त्री म्हणतात. मूळ पोर्तुगीज शब्द मेस्त्रे. त्याचा अर्थ कारागीर होतो, आणि शिकवणारा गुरू असाही होतो. म्हणजे मेंटॉर हा शब्द आपल्याकडे येण्याच्या कितीतरी आधीपासून गॅरेजात तेल लागलेल्या कपड्यांत तो माणूस बसलेलाच होता.

मेस्तनी बोनेट उघडलंच नाही. आधी विचारलं, "बाय, बंद पडताना ती आचके देत देत बंद पडते, की बटण दाबल्यासारखी एकदम?"

मी म्हटलं, एकदम.

"मग पेट्रोलच्या मागे कशाला लागलीस?"

पेट्रोल कमी पडलं तर गाडी आधी धक्के देते, ओढत नाही, आणि मग थांबते. ठिणगी गेली तर क्षणात सगळं शांत. एवढ्या एका प्रश्नाने माझ्या यादीतली पेट्रोलची सगळी कारणं बाद झाली. मग त्यांनी गाडी तापवली, बंद पडू दिली, लगेच एक प्लग काढून वायरीला जोडून इंजिनच्या लोखंडाला टेकवला आणि मला चावी फिरवायला लावली. ठिणगी जेमतेम दिसत होती, पिवळट, मलूल. दोष कंडेन्सरचा होता.

हा बघा, हाच तो. (हातात धरून) बोटाच्या पेराएवढा. डिस्ट्रिब्युटर प्लगना पाळीपाळीने वीज वाटतो. त्यातले पॉइंट, म्हणजे उघडझाप करणारे संपर्क, उघडतात त्या क्षणी कॉइलमधला प्रवाह एकदम तुटला पाहिजे, तरच प्लगला जोरदार ठिणगी मिळते. कंडेन्सर नसेल तर पॉइंटच्या फटीतच ठिणगी उडत राहते आणि प्लगपर्यंत दम पोचत नाही. आतून खराब झालेला कंडेन्सर थंड असताना काम करतो आणि तापला की दगा देतो. मेस्तनी पत्र्याच्या डब्यातून एक जुना काढून बसवला. नवीन का नको, तर म्हणाले, हल्ली मिळणारे बरेचसे नवे कंडेन्सर टिकत नाहीत, जुना चांगला निघालेला असेल तर तोच ठेव. त्या दिवशी फर्मागुडीचा चढ मी दोनदा चढले.

त्यांनी पैसे घेतले नाहीत. वीस मिनिटांचं काम, काकांची ओळख, चहा झाला, निघाले. चवथीला मी त्यांच्या घरी नेवऱ्या नेल्या, पुढच्या मे महिन्यात मानकुराद आंबे.

आता मी जे सांगणार आहे ते काहींना पटणार नाही. तिथून पुढे मी मेस्तना फुकट त्रास द्यायला लागले. दर आठवड्याला काहीतरी. "मेस्त, जरा बघता?" त्यांच्याकडे दोन गिऱ्हाइकांच्या गाड्या उघडून ठेवलेल्या असायच्या, आणि ते माझ्यासाठी हात पुसून उठायचे. एकदा त्यांच्या बायकोने मला चहा देताना सहज विचारलं, "आजही उशीर होणार का गं यांना?" तिने रागाने नाही विचारलं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. माझा छंद मी एका रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाच्या वेळेतून भागवत होते, आणि बदल्यात आंबे देत होते.

म्हणून मी सरळ बोलले. मला शिकायचंय, तुमचा रविवार हवाय, दिवसाचे पंधराशे देईन. ते संकोचले, नको म्हणाले, मग हजारावर आले. मी पंधराशेच दिले. सहा रविवार. ते खुर्चीवर, पाना माझ्या हातात.

या सहा रविवारांत फरक काय पडला, तर पैसे दिल्यामुळे तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारायला मला लाज वाटली नाही. पॉइंटची फट फिलर गेजने, म्हणजे पातळ पात्यांच्या मापाने, मापताना पात किती ओढ देऊन सरकली पाहिजे, हे मी चार वेळा चुकले. फुकटच्या मदतीत माणूस दुसऱ्या चुकीला "राहू दे, मीच करतो" म्हणतो, आणि तिथेच शिकणं संपतं. इथे त्यांनी मला चुकू दिलं. हेडचे, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचे, नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, आलटून पालटून, टप्प्याटप्प्याने आवळायचे, नाहीतर हेड वाकडं बसतं. ब्रेकमधली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून, म्हणजे पेडलचा दाब ब्रेकच्या तेलावर टाकणाऱ्या भागापासून, सर्वात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची. हे सगळं पुस्तकात आहे. पण नट कितपत आवळला की "आता बस", हे मनगटाला कळावं लागतं, आणि त्यासाठी शेजारी कुणीतरी बसलेलं असावं लागतं.

आयटीआयत दोन वर्षांचा मोटार मेकॅनिकचा कोर्स आहे, आपल्या फर्मागुडीला आयटीआय आहेच. अमेरिकेत कॅन्ससमधलं मॅकफर्सन कॉलेज तर जुन्या गाड्या दुरुस्त करण्याची चार वर्षांची पदवी देतं, १९७६पासून तिथे हा विषय शिकवतात. तिथे फी भरताना कुणाला अपराधी वाटत नाही. मग इथे, पन्नास वर्षं हाताने काम केलेल्या माणसाला शिकवण्याचे पैसे देताना आपण ओळख का मधे आणतो?

आता उलट बाजू. प्रत्येक गोष्टीचे पैसे मागणाऱ्यांचीही मला भीती वाटते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर कुठल्या गल्लीत फियाटचे भाग मिळतील, बेअरिंग ओढायचा पुलर कुणाकडे आहे, पावसाळ्याआधी टाकीतलं पेट्रोल कसं काढायचं, या गोष्टी मला लोकांनी फुकट सांगितल्या. त्यांनाही कुणीतरी फुकटच सांगितल्या होत्या. उद्या मी तोच पत्ता विकायला लागले, तर परवा मला कोण काय सांगेल? आणि आता एकमेकांना सांगण्याची गरज वाढलीय. मुंबईतली शेवटची नोंदणीकृत काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३पासून रस्त्यावरून गेली. टॅक्सी होत्या तोवर या गाडीचे भाग रोज खपत होते, त्यावर जगणारे दुकानदार आणि मेस्त्री होते. आता उरलो आपण हौशी.

गोव्यात तर आणखी एक गोष्ट आहे. १९६१पूर्वी इथे पोर्तुगीज राज्य होतं, भारतातले आयातीचे निर्बंध इथे लागू नव्हते. खाणींचा पैसा आला तशा मर्सिडीज, ओपेल, फोक्सवॅगन थेट युरोपातून आल्या. अशा एखाद्या ओपेलबद्दल विचारायचं तर त्या काळी ती चालवणाऱ्या म्हाताऱ्या ड्रायव्हरलाच विचारावं लागतं. डिचोलीच्या अशा एका आजोबांकडे मी दोन दुपारी बसले. त्यांना मी पैसे देऊ केले असते तर ते दुखावले असते. त्यांना गाडीबद्दल बोलायचं होतं, इतकंच.

फुकटच्या सल्ल्यातला एक मात्र जपून घ्या. "कशाला त्रास, मारुतीचं इंजिन टाक." मला हे पाच जणांनी सांगितलंय, प्रेमानेच. आता हिशेब बघा. इंजिन बदललं की मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२खाली आरटीओकडे नोंद करावी लागते. आणि २०२१ साली केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली, चॅसी म्हणजे सांगाडा, बॉडी, इंजिनमध्ये मोठे फेरफार न झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पाटीवर व्हीए ही अक्षरं. अशी गाडी रोज बाजाराला नेता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांसाठीच, त्यामुळे सगळ्यांनी ती करावी असं मी म्हणत नाही. पण इंजिन एकदा फेकलं की ते दारच बंद होतं. सल्ला देणारा घरी जातो, गाडी तुमची राहते.

तर पेडण्याच्या त्या मुलाला मी आता काय सांगतेय ते ऐका. तो महिन्याचे पैसे घेणारा माणूस तुझ्या गाडीजवळ उभा राहणार आहे का, हे विचार. सुटे भागही तोच विकतो का, हे विचार. विकत असेल तर पैसे देऊ नकोस, कारण त्याला तुझी गाडी जितकी मोडकी तितकी बरी. पाना कुणाच्या हातात असणार, तुझ्या की त्याच्या, हेही आधी ठरव. महिन्याचं बांधून घेऊ नकोस, एका दिवसाचे पैसे दे, एक काम शीक, मग पुढचं बघ.

फोन मला कधीही कर, त्याचे पैसे नाहीत. माझा पुलर, माझा जॅक, माझी शेड, सगळं वापर. पण ब्रेक मी तुला शिकवणार नाही. ते मला स्वतःला करता येतात, दुसऱ्याला शिकवण्याइतके येत नाहीत, आणि चोर्ल्याच्या घाटात ते लागतात. ब्रेकसाठी मेस्तकडे जायचं आणि त्यांना त्यांच्या दिवसाचे पूर्ण पैसे द्यायचे. मी त्यांच्याशी बोलून ठेवलंय. हल्ली त्यांचे गुडघे दुखतात, वाकून काम होत नाही. शिकवायला मात्र आवडतं, तसं ते स्वतःच म्हणाले.

रविवारी सकाळी आठ वाजता ये. फिलर गेज स्वतःचा आण.