वटवाघळाचा हलता कान

नमस्कार श्रोतेहो. वटवाघूळ पाहून माणसाला सोनार, म्हणजे प्रतिध्वनीवरून पाण्यातली वस्तू हुडकायचं तंत्र सुचलं, असं आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलेलं असतं. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी उच्छाद मांडला होता, तेव्हा फ्रान्समध्ये पॉल लांजवँ यांनी १९१७ साली क्वार्ट्झच्या स्फटिकाला वीज देऊन पाण्यात श्राव्यातीत, म्हणजे माणसाला ऐकू न येणारा ध्वनी सोडला आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून पाणबुडी हुडकायचं तंत्र उभं केलं. वटवाघूळही हेच करतं, हे कळायला १९३८ साल उजाडलं. हार्वर्डचा एक विद्यार्थी, डोनाल्ड ग्रिफिन, वटवाघळं घेऊन प्राध्यापक पिअर्स यांच्याकडे गेला. माणसाला ऐकू न येणारे आवाज टिपणारं यंत्र त्यांच्यापाशी होतं. वटवाघळं समोर येताच ते यंत्र खडखडू लागलं.

वटवाघळाकडून खरोखर शिकणं त्यानंतर सुरू झालं, आणि अजून बरंच शिकायचं राहिलंय.

इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टमध्ये हमखास दिसणारा एचसी-एसआर०४ हा स्वस्त सेन्सर घ्या. छोटी पट्टी, तिच्यावर दोन गोल डब्या. एक डबी ४० किलोहर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला चाळीस हजार कंपनांचे, आठ स्पंद सोडते, दुसरी प्रतिध्वनीची वाट पाहते. हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे प्रतिध्वनी एक मिलिसेकंदाने परतला तर वस्तू १७ सेंटिमीटरवर. गणित सोपं आहे. पण भिंत तिरकी असली की ध्वनी भलतीकडे निसटतो, समोर जाड पडदा असला तर तिथेच जिरतो. शिवाय कळतं ते फक्त अंतर. समोर झाड आहे की खांब, डावीकडे की उजवीकडे, काही पत्ता लागत नाही.

यावर आम्हा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचं ठरलेलं उत्तर म्हणजे आणखी सेन्सर लावा. वटवाघळाकडे मात्र दोनच कान. नाकावर घोड्याच्या नालेसारखी कातडीची घडी असणारी वटवाघळं आपल्या सह्याद्रीतल्या गुहांतही राहतात. ती नाकातून साद घालतात. आवाजाच्या दिशेने सरकलं की त्याची कंप्रता, म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, वाढते; हा डॉप्लर परिणाम. उडत पुढे जाताना त्यामुळे प्रतिध्वनीची कंप्रता वाढते, म्हणून ती आपली साद तेवढीच खाली उतरवतात. मग प्रतिध्वनी नेमका त्यांच्या कानाला सर्वांत बारकाईने कळणाऱ्या कंप्रतेवर येऊन पोचतो. युरोपातल्या मोठ्या जातीत ती सुमारे ८३ किलोहर्ट्झ असते. हान्स-उलरिख श्निट्झलर यांनी १९६८ साली हे दाखवून दिलं. केवढं नेमकं काम, आणि तेही उडता उडता!

त्याहून मला थक्क करतो तो त्यांचा बाहेरचा कान. जवळपास वीस स्नायू त्याला सतत वळवत, वाकवत असतात. सेकंदाच्या दहाव्या भागात त्याचा आकार बदलतो. अमेरिकेत व्हर्जिनिया टेकमध्ये रोल्फ म्युलर यांच्या गटाने २०१९ मध्ये दाखवलं की कानाच्या या हालचालीमुळेही डॉप्लर बदल घडतात आणि त्यांत दिशेची माहिती असते. मग त्यांनी मऊ सिलिकॉनचा हलता कान केला, त्यामागे एकच मायक्रोफोन बसवला, सोबत न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारा संगणक प्रोग्राम, जोडलं. २०२१ मध्ये त्यांनी जाहीर केलं की आवाजाची दिशा अर्ध्या अंशाच्या आत सांगता येते. आम्ही मायक्रोफोन घट्ट बसवतो, तो हलला की त्याला दोष म्हणतो. वटवाघळाने त्याच हलण्यातून माहिती काढली.

हे केवळ कुतूहलापुरतं नाही. आयआयटी दिल्लीने २०१४ साली अंधांसाठी स्मार्टकेन आणली. साध्या पांढऱ्या काठीला जमिनीवरचा दगड लागतो, पण उभ्या ट्रकचा मागचा फळा किंवा डोक्याशी आलेली फांदी लागत नाही. स्मार्टकेन श्राव्यातीत ध्वनीने गुडघ्याच्या वरचे असे अडथळे ओळखते आणि मुठीत थरथरून सांगते. समोर काय आहे, हेही उद्याची काठी सांगू शकली तर चालणाऱ्याला केवढा आधार होईल! ते काम कुणीतरी मनावर घ्यायला हवं.

विद्यार्थी मित्रांनो, सुरुवात तुम्हीही करू शकता. तो स्वस्त सेन्सर प्रतिध्वनी फेकून देतो आणि फक्त वेळ हाती ठेवतो. म्हणून शेजारी श्राव्यातीत ध्वनी टिपणारा वेगळा मायक्रोफोन लावा आणि पूर्ण प्रतिध्वनी नोंदवा. आधी सपाट भिंतीसमोर, मग पानांनी भरलेल्या एखाद्या कुंडीसमोर. भिंतीकडून एकच ठसठशीत प्रतिध्वनी येईल. कुंडीकडून पानापानावरून परतलेले, मागेपुढे झालेले बारीक तुकडे येतील. मग तो मायक्रोफोन छोट्या मोटरवर बसवा, फिरवत फिरवत पुन्हा नोंदी घ्या आणि त्या तुकड्यांत काय फरक पडतो ते तपासा.