नारकोंडमचा धनेश

(दृश्य : कणकुंबीजवळचे रान, फळांनी लगडलेल्या उंबरावर महाधनेश)

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील भीमगडापासून दांडेलीपर्यंतच्या रानात धनेश पक्ष्याच्या चार जाती आढळतात आणि एका दरीतली फळे संपली की ते पुढच्या दरीत जातात. आज ज्या धनेशाची ओळख आपण करून घेणार आहोत, त्याचे सारे जग मात्र एका डोंगरापुरतेच आहे.

(दृश्य : बोटीतून दिसणारे बेट, शिखरावर ढग)

उत्तर अंदमानच्या पूर्वेला, शंभराहून अधिक किलोमीटर अंतरावर नारकोंडम हे बेट आहे. भारतीय भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा सरकता तुकडा, ब्रह्मी भूपट्टाखाली सरकत असल्याने सुमात्रापासून म्यानमारपर्यंत ज्वालामुखींची जी रांग तयार झाली, तिच्यातला हा एक सुप्त ज्वालामुखी. याच रांगेतले दक्षिणेकडील बॅरन बेट आजही जागृत आहे. बेळगाव परिसरातला काळा पाषाण पातळ लाव्हारसाचा, म्हणून तो दूरवर सपाट पसरला. नारकोंडमचा रस घट्ट होता, तो जागच्या जागी साचत गेला आणि जेमतेम सात चौरस किलोमीटरच्या बेटावर 710 मीटर उंचीचा सुळका उभा राहिला.

(दृश्य : ढोली, फटीतून बाहेर आलेली चोच)

येथील धनेशाच्या नराची मान तांबूस असते, मादीची काळी, आणि दोघांच्याही गळ्याशी पांढुरकी पिशवी दिसते. अंडी घालण्यापूर्वी मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा व फळांचा गर लिंपून तोंड बुजवते. उरते ती चोचीपुरती फट. नर गळ्यात साठवून आणलेली फळे एकेक करून चोचीच्या टोकावर आणतो आणि त्या फटीतून आत देतो. पिलांची भूक वाढते तशा त्याच्या खेपाही वाढतात. या काळात नराचे काही बरेवाईट झाले, तर आतल्या कुटुंबाचे प्राण संकटात येतात. धनेशाला स्वतः लाकूड पोखरता येत नाही, त्यामुळे पोकळ खोडाचे जुने झाड ‘निकामी’ म्हणून तोडणे हा या पक्ष्यावरचा सर्वांत मोठा अन्याय आहे, मग ते झाड नारकोंडमचे असो वा खानापूर तालुक्यातल्या जांबोटीचे.

(दृश्य : वडवर्गीय झाडावर धनेशांचा थवा)

वड-उंबराच्या कुळातली फळे खाऊन हे पक्षी बिया बेटभर टाकतात. आज दिसणारी ही दाट झाडी बऱ्याच अंशी त्यांनीच पेरलेली आहे. पक्षीशास्त्रज्ञ अॅलन ह्यूम यांनी 1873 मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन केले. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार या धनेशांची संख्या सुमारे एक हजार असून जगात अन्यत्र कोठेही ही जात रानात आढळत नाही.

(दृश्य : किनारा, पोलीस चौकी)

चौकीसाठी आणलेल्या शेळ्यांनी पूर्वी येथील रोपटी खाल्ली. नंतर त्या हटवण्यात आल्या. रडार केंद्राचा प्रस्ताव पर्यावरण मंत्रालयाने 2012 मध्ये नाकारला होता, 2014 मध्ये त्याला मंजुरी मिळाली.