दोन कवितासंग्रह आणि शेकडो कवी

1974 चा नाताळ. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकावरचं डार्विन शहर. मध्यरात्रीच्या सुमारास 'ट्रेसी' चक्रीवादळ शहरावर आदळलं. विमानतळावरचं वारा मोजणारं यंत्र ताशी 217 किलोमीटरचा आकडा नोंदवून बंद पडलं. उजाडलं तेव्हा शहरातली बहुतेक घरं जमीनदोस्त झाली होती. घर आणि सामानसुमान गमावलेल्यांत एका स्थानिक वर्तमानपत्राचे विशीतले इंग्रज उपसंपादक होते, नील ॲस्टली.

मायदेशी परतून 1975 मध्ये त्यांनी ईशान्य इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात इंग्रजी साहित्याला प्रवेश घेतला. शहर कोळशाचं आणि जहाजबांधणीचं, पण कवितेचंही. जुन्या तटबंदीतल्या मॉर्डन टॉवर या बुरुजात 1964 पासून कवितावाचनं होत. बेसिल बंटिंग यांनी आपली 'ब्रिगफ्लॅट्स' ही दीर्घकविता पहिल्यांदा वाचली ती इथेच. जॉन सिल्किन यांचं 'स्टँड' हे नियतकालिकही याच गावातून निघे. ॲस्टली तिथे काम करू लागले आणि संपादनाचे धडे त्यांना तिथे मिळाले.

1978 मध्ये त्यांनी केन स्मिथ या कवीची एक छोटी पुस्तिका छापली. प्रकाशनाला नाव दिलं 'ब्लडॲक्स', नॉर्थम्ब्रिया या उत्तर इंग्लंडमधल्या जुन्या राज्याचा शेवटचा व्हायकिंग राजा एरिक ब्लडॲक्स याच्यावरून. लंडनपासून इतक्या लांब, तेही फक्त कवितेचं प्रकाशन. धंदा म्हणून हा आतबट्ट्याचाच व्यवहार.

पुढच्या काही वर्षांत मात्र या पत्त्यावरून मोठी पुस्तकं निघाली. टोनी हॅरिसन यांची 'व्ही' ही दीर्घकविता 1985 मध्ये आली. दोन वर्षांनी ती दूरचित्रवाणीवर वाचली गेली, तेव्हा तिच्यातल्या शिव्यांवरून गदारोळ उठला. सायमन आर्मिटेज यांचा पहिला संग्रह 1989 मध्ये इथूनच आला. ते पुढे ब्रिटनचे राजकवी झाले. स्वीडनचे टोमास ट्रान्सट्रोमर यांच्या कविता ॲस्टलींनी 1987 मध्येच इंग्रजीत काढल्या. त्यांना नोबेल मिळालं ते 2011 मध्ये.

पण माझ्या मते ॲस्टलींचं मोल कळतं ते इरिना रातुशिन्स्काया यांच्या पुस्तकावरून. सोव्हिएत राजवटीने कवितांपायी या तरुणीला सात वर्षांच्या सक्तमजुरीसाठी छावणीत धाडलं होतं. तिथे कागद सापडला तर शिक्षा. म्हणून त्या साबणाच्या वडीवर काडेपेटीच्या काडीने ओळी कोरत, पाठ करत आणि हात धुताना त्या पुसून टाकत. त्यांच्या कवितांचा अनुवाद 'ब्लडॲक्स'ने 1986 मध्ये छापला, तेव्हा कवयित्री अजून कैदेतच होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष रेगन आणि सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह आइसलँडमध्ये रेक्याविकला भेटण्याच्या तोंडावर, त्यांची सुटका झाली. पुस्तकामुळेच सुटल्या असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. पण जगाने त्यांचं नाव विसरू नये, यात या पुस्तकाचा वाटा होता.

आणि ॲस्टलींची स्वतःची कविता? 1982 मध्ये तरुण कवींसाठीचा एरिक ग्रेगरी पुरस्कार त्यांना मिळाला होता. 1988 चा 'डार्विन सर्व्हायव्हर' आणि 1995 चा 'बायटिंग माय टंग' हे त्यांचे दोन संग्रह. नंतर दोन कादंबऱ्या. संपादकाने कवीला गिळलं म्हणा हवं तर. मला त्याची फारशी हळहळ वाटत नाही.

कारण 2002 मध्ये त्यांनी 'स्टेइंग अलाइव्ह' काढलं. जगभरातल्या 500 कविता, आणि मांडणी कालखंडांनुसार नव्हे, तर माणसाच्या जगण्यानुसार: शरीर, प्रवास, प्रेम, युद्ध, मृत्यू. एरवी कवितेच्या वाटेला न जाणाऱ्यांनी ते विकत घेतलं. काही समीक्षकांनी नाकं मुरडली, कविता स्वस्त केली म्हणाले. ॲस्टलींनीही त्यांना सोडलं नाही. मूठभर लोक आपापसातच कवितेचा कारभार चालवतात, हे ते जाहीरपणे ठणकावून सांगत राहिले. त्याच धर्तीचे आणखी तीन खंड पुढे आले, शेवटचा 2020 मध्ये.

मराठी वाचकाची या प्रकाशनाशी ओळख निघते ती 2010 मध्ये. अरुण कोलटकरांच्या समग्र इंग्रजी कविता, अरविंद कृष्ण मेहरोत्रांच्या संपादनाखाली, 'ब्लडॲक्स'ने छापल्या. 'जेजुरी'सुद्धा त्यात आली. कोलटकर 2004 मध्येच गेले होते. हयातीत त्यांना मोठ्या प्रकाशकांची ओढ नव्हती. 1977 मध्ये 'अरुण कोलटकरच्या कविता' मुंबईत काढल्या त्या अशोक शहाणे यांच्या 'प्रास'ने, म्हणजे अशाच एका हट्टी माणसाच्या प्रकाशनाने.