मरणाऱ्या पेशींचा माग

(दृश्य: छत्रपती संभाजीनगर, शासकीय कर्करोग रुग्णालयाचे आवार.)

बीड, परभणी, हिंगोलीकडून पहाटेच्या एसटीने निघालेले रुग्ण केमोथेरपीसाठी येथे येतात. औषध लागू पडते आहे की नाही, याचे उत्तर सहसा काही डोस झाल्यावर, सीटी स्कॅनमध्ये गाठ किती आक्रसली हे मोजून मिळते. औषध लागू पडत असेल, तर गाठीचा आकार घटण्याच्या पुष्कळ आधी तिच्यातील पेशी मरू लागलेल्या असतात. तो पेशीमृत्यू थेट पाहता यावा, यासाठी प्रतिदीप्त, म्हणजे प्रकाश पडला की स्वतः वेगळ्या रंगात चमकणाऱ्या, अतिसूक्ष्म नॅनोकणांवर संशोधन चालू आहे.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली पेशी.)

१९७२ मध्ये केर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी पेशींच्या शिस्तबद्ध मृत्यूला अपॉप्टोसिस हे नाव दिले. अशा मृत्यूत पेशी आकसते, तिच्या कडेला फुगवटे येतात आणि एरवी पेशीच्या बाहेरील आवरणाच्या, म्हणजे पटलाच्या, आतल्या थरात असणारा फॉस्फॅटिडिलसेरिन हा मेदघटक बाहेरच्या थरावर येतो. तो दिसताच भक्षक पेशी तिला गिळून टाकतात. संशोधकही हीच खूण हेरतात. कॅल्शियम असताना या मेदाला घट्ट चिकटणारे अ‍ॅनेक्सिन-५ हे प्रथिन ते प्रकाशमान कणावर बसवतात. द्रावणात कॅल्शियम नसेल, तर कण चिकटतच नाहीत. मरू लागलेल्या पेशीभोवती मग उजळ कडे दिसते. पटल फाटलेल्या पेशीत मात्र अ‍ॅनेक्सिन आतही शिरते, म्हणून प्रोपिडियम आयोडाइड हे दुसरे रंगद्रव्य सोबत वापरतात. ज्या पेशीचे केंद्रक त्याने लाल झाले, तिचे पटल फाटले आहे, असे समजावे.

साधी रंगद्रव्येही हे काम करतात. पण सूक्ष्मदर्शकाच्या प्रखर प्रकाशात ती लवकर फिकी पडतात आणि पेशीवर तासन्‌तास नजर ठेवता येत नाही. क्वांटम डॉट, म्हणजे अर्धवाहक पदार्थांचे चमकणारे नॅनोकण, त्या मानाने फार टिकाऊ असतात. कॅडमियम सेलेनाइडचा कण लहान असेल तर निळसर आणि मोठा असेल तर तांबडा प्रकाश देतो. पदार्थ तोच, रंग आकारावर ठरतो. २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल क्वांटम डॉटच्याच शोधासाठी देण्यात आले.

अडचण कॅडमियमची आहे, कारण तो विषारी आहे. म्हणूनच कार्बन डॉटकडे, म्हणजे कार्बनच्या चमकणाऱ्या नॅनोकणांकडे, लक्ष वळले. सायट्रिक आम्ल आणि युरिया पाण्यात विरघळवून टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या पोलादी भांड्यात काही तास तापवले, की तपकिरी द्रावण मिळते आणि अतिनील दिव्याखाली ते निळे चमकते. संत्र्याच्या रसापासूनही असे कण तयार झाले आहेत. जालन्याची मोसंबी त्याच कुळातली, हे मराठवाड्यातील रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यायला हरकत नाही. निळा प्रकाश मात्र मांसातून फार आत जात नाही. शरीरात पाहायचे तर साधारण ७०० ते ९०० नॅनोमीटरचा, अवरक्ताच्या जवळचा प्रकाश लागतो.

खरा पेच पुढे आहे. साधारण ६ नॅनोमीटरपेक्षा लहान कण मूत्रपिंडातून गाळले जाऊन बाहेर पडतात, तर मोठे कण यकृतात आणि प्लीहेत साचतात. आणि कणावर प्रथिन चढवले, की तो हमखास मोठा होतो. त्यामुळे काही संशोधक अ‍ॅनेक्सिनऐवजी त्याच मेदाला चिकटणारे जस्ताचे छोटे संयुग जोडून पाहतात. मरणाऱ्या पेशी टिपणाऱ्या अशा कणांचे बहुतेक काम अजून प्रयोगशाळेतील पेशी आणि उंदीर यांच्यापुरतेच आहे, तेव्हा रुग्णालयात त्याची चौकशी करण्याची वेळ अद्याप आलेली नाही.

(दृश्य: तोंडाच्या तपासणीची खोली.)

पोटात खोलवर असलेल्या गाठीपर्यंत हा प्रकाश पोहोचवणे अवघड आहे. तंबाखू आणि गुटख्यामुळे होणारा तोंडाचा कर्करोग, जो भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी आहे, त्याचे तसे नाही. गालाच्या आतली किंवा जिभेच्या कडेची गाठ डॉक्टरांना उघड्या डोळ्यांनी दिसते. तिच्यावर दिवा आणि कॅमेरा थेट रोखता येतो, त्यामुळे या तंत्राची पहिली उपयुक्त चाचणी अशा गाठींवर होण्याची शक्यता अधिक वाटते.