तळाला फक्त खोली कळते

(दृश्य: काचेची तीन भांडी. तळ सारखे. एक सरळ, एक वर पसरत गेलेलं, एक वर निमुळतं.)

या तिन्ही भांड्यांचा तळ 100 चौरस सेंटिमीटरचा. तिन्हींत 30 सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी भरलंय. सरळ भांड्यात 3 लिटर मावलं, पसरटात 7, आणि निमुळत्यात जेमतेम 1 लिटर. पाण्याचा जोर सर्वात जास्त कुठल्या तळावर असेल?

तिन्हींवर सारखाच. 3 किलो वजनाइतका.

बेल्जियममधल्या ब्रुजमध्ये जन्मलेल्या सिमॉन स्टेविन या अभियंत्याने 1586 मध्येच हे मांडलं होतं. फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कालने त्यावर लिहिलेला ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, 1663 मध्ये छापला गेला. त्यात एक विलक्षण दाखला आहे. भांड्याच्या तळाशी सरकता बूच. बुचाला दोरा, दोरा तराजूच्या दांडीला. वर बारीक नळीत औंसभर, म्हणजे साधारण 30 ग्रॅम, पाणी, आणि ते तोलून धरायला दुसऱ्या बाजूला 100 पौंड! आता तेच पाणी गोठलं आणि भांड्यापासून सुटं झालं, तर औंसभर वजन पुरतं. बर्फ वितळला, की पुन्हा 100 पौंड.

मला या दाखल्यातच सगळं उत्तर दिसतं. पदार्थ तोच, वजन तेच. पण पाणी भिंतींनाही रेटतं, आणि भिंती पाण्याला उलट रेटतात. सुटा बर्फ ते करत नाही.

(दृश्य: भांडी एकेक करून वजनकाट्यावर.)

भांड्याचं स्वतःचं वजन वजा केलं, तर काटा 3, 7 आणि 1 किलोच दाखवतो. पसरट भांड्यातलं जादा 4 किलो वजन तिरप्या भिंतींनी पेललंय. निमुळत्या भांड्यात उलट घडतं. आत झुकलेल्या भिंती पाण्याला 2 किलोच्या जोराने खाली दाबतात, पाणी त्यांना तेवढ्याच जोराने वर ढकलतं. तळावर 3 खाली, भिंतींवर 2 वर. काट्यापर्यंत पोचतो 1.

हे हाताला जाणवतं, जरूर करून बघा. ओल्या, सपाट काचेवर नरसाळं उपडं ठेवा. तळहाताने दाबून धरा आणि वरच्या नळीतून पाणी ओता. नळीत पाणी चढू लागलं, की नरसाळं हाताला वर रेटतं. हात काढा. हलकं नरसाळं उचललं जातं आणि कडेखालून पाणी निसटतं.

(दृश्य: कोयना धरण, वरून.)

पाण्यात दर 10 मीटर खाली गेलं, की प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण 1 किलोचा भार वाढतो. कोयनेची भिंत 103 मीटर उंच, आणि पायथ्याशी रुंद आहे ती या वाढत्या दाबासाठी. मागे शिवसागर जलाशय सुमारे 50 किलोमीटर पसरलाय. स्थिर पाण्याचा भिंतीवरचा दाब काढताना अभियंते ती लांबी हिशेबात धरतच नाहीत.