‘कमळ’ला टाळ्या किती?

नमस्कार मंडळी.

‘कमळ’ म्हणा आणि म्हणतानाच टाळ्या वाजवा. आपण मोठी माणसं बहुधा तीन वाजवतो, कारण डोळ्यांपुढे क, म, ळ उभे राहतात. अजून वाचता न येणारं चार वर्षांचं मूल दोनच वाजवेल: क-मळ. बरोबर तेच आहे. मराठीत शब्दाच्या शेवटचा अ आपण सहसा उच्चारत नाही, त्यामुळे ‘ळ’ला स्वतःचा ठोका नाही. तसंच ‘घर’ एकाच ठोक्याचं, ‘चमचा’ दोन (चम-चा), ‘पुस्तक’ही दोन (पुस्-तक).

इथे अमेरिकेत किंडरगार्टनमध्ये सिलेबल, म्हणजे हेच ठोके, मोजायला शिकवतातच. कोणत्या इयत्तेत काय यायला हवं हे सांगणाऱ्या २०१०च्या कॉमन कोअर मानकांतही ते आहे. शाळेत ‘बनाना’ला तीन टाळ्या देऊन शाबासकी मिळवणारं मूल घरी ‘कमळ’ला दोन देतं आणि आपण ‘चूक’ म्हणतो. स्वतःच्या कानावरचा त्याचा विश्वास तिथे डळमळतो. हे टाळता येतं.

पहिले काही आठवडे पाटी बाजूला ठेवा. ज्यांत ठोके आणि अक्षरं सारखीच आहेत असे शब्द घ्या: काका, पोळी, आंबा, बटाटा, बाहुली. बदक, कमळ, गवत हे बिनकाना-मात्रेचे शब्द लिहायला सर्वांत सोपे, म्हणून आपण सवयीनं तिथूनच सुरुवात करतो. ठोके मोजायला मात्र तेच सर्वांत अडचणीचे. ‘मित्र’सारखे जोडाक्षरानं संपणारे शब्दही सध्या नकोत, त्यांत शेवटचा अ किंचित ऐकू येतो.

खेळ पाच मिनिटांचा, सहा-सात शब्दांचा. आधी जोडणं, कारण ते सोपं. सेकंदभर थांबत तुम्ही म्हणा ‘बा… हु… ली’. शब्द मुलानं ओळखायचा. ते जमलं की फोडायचं काम त्याच्याकडे. रंगात आलं की हात तोंडाच्या पुढे धावतात आणि ‘पोळी’ला चार टाळ्या पडतात. मग टाळ्या सोडा. हनुवटीखाली तळहात आडवा धरायला सांगा: ‘बटाटा’ म्हणताना जबडा तीनदा खाली येऊन हाताला टेकतो. इ-उ म्हणताना तो फारसा हलत नाही, म्हणून ‘मिशी’सारख्या शब्दांना चिंचोके बरे. ठोक्यागणिक एक पुढे सरकवायचा. टाळी विरून जाते, चिंचोका समोर राहतो आणि पुन्हा मोजता येतो.

आजी-आजोबांना एक विनंती. शब्द सावकाश म्हणून दाखवताना ‘क-म-ळऽ’ असा शेवट ओढू नका. मूल तोच उच्चार धरतं आणि पुढे वाचताना ‘घर’चं ‘घरा’ करतं.

‘बाहुली’तला ‘बा’ काढला तर काय उरेल? हा खेळ पाच वर्षांनंतरचा. ‘हुली’ हे उत्तर अडखळल्याशिवाय येऊ लागलं की पाटी काढा आणि ‘कमळ’ घ्या. दोन चिंचोके अंतर ठेवून मांडा. पहिल्याखाली ‘क’ लिहा, दुसऱ्याखाली ‘म’ आणि ‘ळ’ एकमेकांना खेटून.