ताप उतरल्यावर छातीकडे लक्ष ठेवा

(देवगड तालुक्यातील एका वाचनालयात गणेशोत्सवाच्या तोंडावर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, नारळी पौर्णिमा झाली, होड्या दर्यात गेल्या, आता चाकरमानी येऊ लागतील. घराघरांत माणसं दाटीवाटीने बसतील आणि सर्दी-तापही एकाकडून दुसऱ्याकडे जाईल. आपल्याकडे फ्लू दोनदा डोकं वर काढतो, जानेवारी ते मार्चमध्ये आणि पुन्हा पावसाळ्यात. फ्लू म्हटलं की आपण फुप्फुसाची काळजी करतो. मी आज हृदयाबद्दल बोलणार आहे.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. तपासणीत फ्लू निश्चित झाल्यानंतरच्या सात दिवसांत हृदयविकाराचा झटका येण्याचं प्रमाण एरवीपेक्षा सहापट आढळलं. यात प्रत्येक माणसाची तुलना त्याच्याच इतर दिवसांशी केली होती. म्हणजे मधुमेह तोच, तंबाखू तीच, वाढला होता तो फक्त फ्लू.

असं का होतं? विषाणूशी लढताना सगळ्या शरीरात दाह वाढतो. हृदयाच्या रक्तवाहिनीत वर्षानुवर्षं साचलेला चरबीचा थर अशा वेळी फुटू शकतो, आणि रक्तही लवकर गोठू लागतं. त्यात ताप एक अंश सेल्सिअसने वाढला की नाडी मिनिटाला साधारण दहा ठोक्यांनी वाढते. फुप्फुस भरलेलं असेल तर प्राणवायू कमी. हृदयाचं काम वाढलेलं आणि त्याला मिळणारा पुरवठा आटलेला. कधी विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूलाच सूज येते. हे त्या मानाने कमी, पण तरुणांतही होतं. अशा रुग्णाला तीन ते सहा महिने दमछाकीचा व्यायाम आणि खेळ बंद ठेवायला सांगतात.

लावणीच्या दिवसांतल्या एक बाई मला आठवतात. वय पन्नाशीच्या पुढे, रक्तदाबाच्या गोळ्या चालू. ताप उतरला तशा त्या मळ्यात उतरल्या, चिखलात वाकून दिवसभर काम केलं. खोकला राहिला म्हणून घरात खोकल्याचं औषध सुरू होतं. मला म्हणाल्या, "माका काय झालेला नाय, नुसतो खोकलो आसा." मी विचारलं, झोप लागते का? तर आडवं झालं की खोकल्याची उबळ येते आणि दम लागतो, उठून बसलं की बरं वाटतं. नडगीवर अंगठा दाबून धरला आणि काढला, तर खळगा तसाच राहिला. छातीला नळी लावली तर दोन्ही बाजूंना खाली बुडबुड आवाज. फुप्फुसात पाणी साचत होतं, हृदय ते उपसू शकत नव्हतं. औषधांनी बाई सावरल्या. पण कफ समजून आणखी दोन रात्री काढल्या असत्या तर काय झालं असतं, या विचाराने आजही मला धडधडतं.

म्हणून घरातल्या माणसाला एवढंच विचारा: उशा वाढवून झोपावं लागतंय का? न्हाणीघरापर्यंत जाताना दम लागतो का? पाय सुजलेत का?

औषधांचंही सांगतो. अंग दुखतं म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन आणून घेऊ नका. त्यांनी अंगात मीठ-पाणी साठतं, मूत्रपिंडावर ताण येतो. शिवाय पावसाळ्यातला ताप डेंग्यूचा किंवा लेप्टोचाही (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप) असू शकतो, तिथे या गोळ्या अधिकच धोक्याच्या. पॅरासिटामॉल प्रमाणात चालेल. मात्र हृदयाच्या रोजच्या गोळ्या ताप आला म्हणून स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. आणि ज्यांचं हृदय आधीच दुबळं आहे त्यांना आजारपणात पेज द्या, पण सोबतचं खारट लोणचं आणि सुकी मासळी दूर ठेवा.

फ्लूची लस हृदयरुग्णांनी दरवर्षी घ्यावी, शक्यतो पावसाआधी. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत झटका येऊन दाखल झालेल्यांना तिथेच ही लस दिली, आणि वर्षभरात मृत्यू, पुन्हा झटका किंवा स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवायला बसवलेली जाळी) बंद पडणं, या तिन्हींचं मिळून प्रमाण २८ टक्क्यांनी कमी राहिलं. एवढ्या स्वस्त उपायाकडे आपण पाठ फिरवतो, हे मला फार लागतं.

छातीत दाबल्यासारखं झालं, घाम फुटला, घेरी आली, तर सकाळची वाट पाहू नका. मोठ्या रुग्णालयासाठी इथून कोल्हापूर असो की गोव्यातलं बांबोळी, घाट आणि रस्ता मिळून तास जातातच. कोणाची गाडी मिळते का हे शोधत बसण्यापेक्षा रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन लावा, आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयात आधी ईसीजी (हृदयाचा आलेख) काढून घ्या.